कारण लिहा, साहेब : रिलीज मेडिकल बोर्डावरच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
रिलीज आणि इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डांवर बसणारे सैन्यदलांचे सर्व वैद्यकीय अधिकारी

विषय : डिसेबिलिटी पेन्शनच्या कागदात बोर्डाने लिहायचे कारण

डॉक्टर साहेब,

जय हिंद.

मी फौजेत क्लार्क होतो. सुभेदार होऊन पेन्शनवर आलो आणि आता सातारा जिल्ह्यात गावी असतो. अपशिंग्यासारखी गावे असलेला हा मुलूख आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसे कामी आली. आजही भरती निघाली की पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे दिसतात, आणि दुपारी पारावर पेन्शनर. उभी नोकरी कागदांत गेल्यामुळे कुणाचे पेन्शनचे घोंगडे भिजत पडले की तो फाईल घेऊन माझ्याकडे येतो. कुणाच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचे नाव चुकलेले असते, कुणाचे हयातीचे प्रमाणपत्र 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर चढत नाही, कुणाचा बँक खात्याचा घोळ असतो. ही कामे निघतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली माणसेही मदत करतात, रेकॉर्ड ऑफिसला पत्र जाते, महिना-दोन महिन्यांत उत्तर येते.

निघत नाहीत ती डिसेबिलिटीची, म्हणजे अपंगत्वाच्या पेन्शनची प्रकरणे. ती पेन्शन मिळायला आजार किंवा जखम सेवेमुळे झाली वा वाढली असे ठरावे लागते, आणि त्याबद्दलचे मत माणूस घरी जाण्याआधी तुमचे बोर्ड लिहिते. अशी फाईल उलटी वाचत गेले, म्हणजे शेवटच्या नकारापासून मागे मागे, तर प्रत्येक वेळी एकाच कागदाशी येऊन थांबावे लागते. तो कागद तुमच्या सहीचा असतो. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा खासदारांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. त्यांना निवेदने पुष्कळ गेली आहेत. बोर्डावरच्या डॉक्टरला मात्र कुणी काही लिहीत नाही. निवृत्त होणारा जवान तर तुमच्यापुढे सावधान उभा असतो. तो काय बोलणार?

तक्रारीआधी एक सांगितलेच पाहिजे. लष्करी डॉक्टरांबद्दल आमच्या मनात जो आदर आहे तो उगाच नाही. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरने 1944 पासून किती जणांना पुन्हा पायांवर उभे केले, हे आमच्या भागातल्या घरांना ठाऊक आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये 1974 पासून कमरेखाली हालचाल गेलेले जवान सन्मानाने राहत आले आहेत. डोंगरावर, बर्फात, गोळीबारात तुमच्यातलेच कुणीतरी आमच्याबरोबर होते. जो डॉक्टर माझ्या माणसाला रात्रभर जागून वाचवतो, तोच डॉक्टर काही वर्षांनी बोर्डावर बसून त्याच्या आजाराबद्दल एक ठरीव ओळ लिहून मोकळा होतो, याचे दुःख म्हणूनच जास्त आहे.

माण तालुक्यातल्या एका नाईक हुद्द्याच्या जवानाचा बोर्डाचा कागद आत्ता माझ्यासमोर आहे. नाव सांगत नाही. भरतीच्या मेळाव्यात धावला, छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढवून दाखवली, तुमच्याच खात्याच्या डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासले आणि शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, म्हणून घेतले. पुढे राजौरी-पूंछच्या बाजूला राष्ट्रीय रायफल्समध्ये राहिला. ग्लेशियर केला, म्हणजे सियाचीनच्या बर्फात ड्युटी केली. मग मध्य प्रदेशातल्या एका पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, बदली झाली आणि तिथे वार्षिक तपासणीत रक्तदाब वाढलेला सापडला. कॅटेगरी लागली, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आला, गोळ्या सुरू झाल्या, आणि 2021 मध्ये तो त्याच कॅटेगरीत घरी आला.

आता तो तक्ता बघा. अपंगत्व : प्रायमरी हायपरटेन्शन. प्रमाण : 30 टक्के, आयुष्यभर. सेवेमुळे झाले का? नाही. सेवेमुळे वाढले का? नाही. पुढे कारणाचा रकाना. त्यात लिहिले आहे, ऑनसेट इन पीस स्टेशन, नो क्लोज टाइम असोसिएशन विथ स्ट्रेस अँड स्ट्रेन ऑफ फील्ड, हाय ऑल्टिट्यूड ऑर सीआय ऑप्स, ॲज पर पॅरा 43. म्हणजे आजार पीस स्टेशनवर सुरू झाला, आणि फील्ड, उंच डोंगर किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या ताणाशी त्याचा काळाने जवळचा संबंध नाही. पॅरा 43 हा डॉक्टरांच्या गाइडमधला रक्तदाबाचा परिच्छेद. संपले. ग्लेशियरचा उल्लेख नाही. काश्मीरचा नाही. घरात आई-वडिलांना रक्तदाब आहे का, हे विचारल्याचा पत्ता नाही. हाच मजकूर, याच शब्दांत, मी दुसऱ्या इस्पितळांच्या बोर्डांच्या कागदांवरही वाचला आहे. माणूस वेगळा, पलटण वेगळी, वर्ष वेगळे, ओळ तीच. मधुमेह असेल तर पॅरा 43 च्या जागी पॅरा 26 येतो, एवढाच फरक.

तो नाईक मला म्हणाला, "सुभेदार साहेब, भरती झालो तवा नव्हतं, घरात कुणाला न्हाय, मग हे आलं कुठनं?"

त्याचा प्रश्न वैद्यकीय आहे, आणि त्याचे उत्तर तुम्हीच देऊ शकता. रक्तदाब ज्या दिवशी दंडाला पट्टा बांधून मोजला त्याच दिवशी सुरू झाला, असे तुमच्यातला एक तरी डॉक्टर मानतो का? तुम्हीच रुग्णांना समजावता की हा आजार मुका असतो, वर्षानुवर्षे कळत नाही. मग 'पीस स्टेशनवर सापडला' याचा अर्थ 'पीस स्टेशनवर जडला' असा कसा होतो? हृदयविकाराच्या प्रकरणांत तर दुखणे उठण्याआधीच्या 14 दिवसांची ड्युटी मागवून तपासली जाते. आधीच्या 14 वर्षांची ड्युटी कोण तपासणार?

शिवाय पीस स्टेशन म्हणजे आराम, हेही खरे नाही, आणि ते तुम्ही स्वतः तिथे राहिल्यामुळे जाणता. रात्रीचे गार्ड, फायरिंग रेंज, महिनोन्महिने चालणारे सराव, घर मिळण्याची यादी लांब म्हणून गावी ठेवलेली बायकापोरे, आणि बाहेर काही घडले की सगळ्यात आधी निघणारी तुकडी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात बुडाले तेव्हा बोटी घेऊन आलेले जवान छावण्यांमधूनच आले होते. लोकांनी त्यांना राख्या बांधल्या. त्यांच्यापैकी कुणाला पुढे रक्तदाब निघाला असेल, तर त्याच्या कागदावरही 'पीस'च लिहिले जाईल.

नियम काय सांगतो, हे तुम्हाला मी सांगणे बरे दिसत नाही, पण सांगतो, कारण कागदावर त्याचा मागमूस दिसत नाही. 1982 च्या एंटायटलमेंट रूल्समधला, म्हणजे पेन्शनच्या हक्काच्या जुन्या नियमांतला, नववा नियम म्हणत होता की दावेदाराला हक्काच्या अटी सिद्ध करायला सांगायचे नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमधल्या माणसाला तो अधिक सढळ हाताने द्यायचा. चौदावा नियम म्हणत होता की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्यामुळे पुढे माणूस घरी पाठवावा लागला, तो साधारणपणे नोकरीतच झाला असे धरायचे. भरतीच्या तपासणीत तो सापडू शकत नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहायची. बोर्डाने, साहेब. जवानाने नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच सविस्तर सांगितले. सिग्नल कोअरचा हा शिपाई 1985 मध्ये भरती झाला, फिट्स येऊ लागल्या म्हणून 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व लावून घरी पाठवला गेला, आणि बोर्डाने सेवेशी संबंध नाही असे लिहिले. न्यायालयाने विचारले ते एवढेच : भरतीच्या वेळी नोंद नव्हती, मग संबंध नाही म्हणण्याचे कारण कुठे आहे? कारण नव्हते. पेन्शन मिळाली. पण 1994 आणि 2013 यांच्यात किती वर्षे गेली बघा.

त्यानंतर निकालांची रांगच लागली. 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय म्हणाले की अपंगत्वामुळे ज्याला नोकरीतूनच काढावे लागले, त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून कमी कसे म्हणता येईल? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा फायदा पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. फेब्रुवारी 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात सरकारची अपिले फेटाळली गेली. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर तुमच्या त्या ठरीव ओळीवरच बोट ठेवले. 2008 च्या नव्या नियमांत, आजार नोकरीतच झाला असे गृहीत धरण्याची जुनी भाषा नसली, तरी केवळ पीस पोस्टिंगवर आजार सापडला म्हणून हक्क नाकारता येणार नाही, आणि संबंध नाही हे दाखवण्याचे ओझे बोर्डावरच आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. ज्याच्यासाठी हा निकाल लागला त्याचे दुखणे मधुमेह होते. आणि मे 2025 मध्ये राजुमोन प्रकरणात, स्किझोफ्रेनियाने घरी पाठवलेल्या जवानाला पेन्शन देताना, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले : बोर्डाचे मत कारणांशिवाय असेल तर त्यावर माणसाचा हक्क नाकारता येत नाही.

एवढ्या निकालांत डॉक्टरांचे ज्ञान कुठेही कमी लेखलेले नाही. उलट न्यायालये म्हणतात की वैद्यकीय मताला मान आहे, पण ते मत असले पाहिजे. मत म्हटले की त्याला कारण हवे. पॅराचा नंबर हे कारण होत नाही.

तुम्ही ओळ लिहून पुढच्या पेशंटकडे वळता. त्यानंतर त्या ओळीचे काय होते, हे इस्पितळात बसून दिसत नाही, म्हणून सांगतो. रेकॉर्ड ऑफिसकडून इंग्रजीत पत्र येते की तुमचा डिसेबिलिटीचा दावा मंजूर करता येत नाही. दहावी-बारावी झालेला माणूस ते पत्र गावातल्या शिक्षकाकडून वाचून घेतो. खाली लिहिलेले असते की सहा महिन्यांत पहिले अपील करता येईल. अपील कशाच्या आधारे करायचे? बोर्डाच्या पूर्ण कागदांची प्रत त्याच्याकडे नसते, मग माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. प्रत येईपर्यंत निम्मी मुदत सरते. पहिले अपील नामंजूर. दुसरे अपील, तेही नामंजूर, आणि दोन्ही उत्तरांत बोर्डाचीच ओळ पुन्हा टाइप केलेली. मग मुंबईचे सशस्त्र दल न्यायाधिकरण. वकील गाठायचा, माण-खटावातून मुंबईची फेरी, तारीख पुढे गेली की परत.

न्यायाधिकरणात जिंकला तरी सुटका नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम दास प्रकरणात सांगितले की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. तो निकाल सैनिकांच्याही फायद्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दरवाजाने सरकार जिंकलेल्या जवानांच्या मागे उच्च न्यायालयांत गेले. 1 जुलै 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने अशा याचिकांचा मोठा गठ्ठा एकत्र फेटाळला. फेटाळला हे चांगलेच, पण तोपर्यंत त्या गठ्ठ्यातला प्रत्येक माणूस जिंकूनही वाट बघत बसला होता. आणि थकबाकी? दावा उशिरा लावला म्हणून ती बहुतेकांना अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळत आली आहे. आधीची वर्षे गेली ती गेली.

एवढा आटापिटा किती पैशांसाठी? हिशोब मांडतो. डिसेबिलिटी एलिमेंट 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते. 40,000 रुपये पगार धरला तर 30 टक्के अपंगत्वाचे 3,600 होतात, आणि टप्पा वर नेऊन 50 टक्के धरले तर 6,000, त्यावर महागाई सवलत. मोठ्या शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्याकडे चाळिशीत घरी आलेला, रोज गोळ्या खाणारा, सिक्युरिटी गार्डच्या नोकरीलाही मेडिकलमध्ये अडणारा माणूस या रकमेवर पोराची कॉलेजची फी भरतो. शिवाय पैशांपलीकडेही एक गोष्ट असते, ती मी या लोकांच्या तोंडून सारखी ऐकतो. त्यांना त्या कागदाने दुखावलेले असते. नोकरीशी तुझ्या दुखण्याचा काही संबंध नाही, असे त्यांना त्यांच्याच फौजेने लिहून दिलेले असते.

मला दुसरी बाजू माहीत आहे, आणि ती मी टाळणार नाही. कॅगच्या 2023 च्या अहवालात अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांच्या संख्येवर, विशेषतः जीवनशैलीच्या आजारांवर, प्रश्न विचारले गेले. त्या अहवालातच दिसते की अधिकाऱ्यांमधले हे प्रमाण जवान आणि जेसीओंपेक्षा (सुभेदारासारख्या हुद्द्यांपेक्षा) कितीतरी जास्त आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षात कुणी आजार कागदावर आणून घेतो, आयकराची सवलत मिळते म्हणून धडपडतो, हे घडत असेल तर त्याला आळा घातलाच पाहिजे. तो पैसा खऱ्या अपंगाच्या ताटातला आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे एंटायटलमेंट रूल्स आणि डॉक्टरांसाठी नवी गाइड आली, त्यामागे हेच कारण सांगितले गेले.

पण खोट्याला अडवायचे हत्यारही कारणच आहे. ज्याने शेवटच्या वर्षी दुखणे उभे केले, त्याच्या कागदावर लिहा की आधीच्या दहा वर्षांच्या तपासण्यांत रक्तदाब नॉर्मल होता, वजन इतके वाढले होते, सल्ला देऊनही उतरवले नाही, फील्डचा काळ अमुक इतक्या आधी संपला. असा कागद कोणतेही न्यायाधिकरण सहजासहजी उलटवणार नाही. छापील ओळ लिहिली की खरा आणि खोटा दोघे एकाच मापाने मोजले जातात. मग खोटा चांगला वकील करून जिंकतो, आणि माणचा नाईक पहिल्या नकारानंतरच घरी बसतो. अपील न करता गप्प बसलेल्यांची संख्या कोणत्याही निकालात येत नाही. माझ्या बघण्यातले बहुतेक जण तसेच बसलेले आहेत.

मानसिक आजारांबद्दल वेगळे लिहितो, कारण तिथे घाव खोल जातो. या कागदांवर 'कौटुंबिक ताण' असे लिहिलेले मी वाचले आहे. घरी जमिनीचा वाद होता, बायकोशी पटत नव्हते, म्हणून आजार सेवेशी संबंधित नाही. साहेब, घरी वाद असणे आणि तो सोडवायला घरी जाता न येणे, या दोन गोष्टी एक आहेत का? वडिलांचे हातपाय गेले, भावाने बांध कोरला, पोरगी आजारी पडली, हे सगळ्यांच्याच घरी होते. मुलकी नोकरीतला माणूस संध्याकाळची एसटी धरतो. जवान रजेचा अर्ज देतो आणि पोस्टवर रात्र काढतो. त्या रात्री नोकरीच्या नाहीत तर कुणाच्या? आणि हा माणूस घरी आल्यावर त्याच्या घरच्यांना ऐकावे लागते की सरकारनेच लिहून दिले आहे, याच्या डोक्याचा दोष याच्याच घरातला. एका माउलीने मला विचारले की त्या कागदावरून सोयरिकी अडतील का. तिला धाकटी मुलगी उजवायची होती.

जखमांच्या बाबतीत दुखणे निराळे आहे, ते थोडक्यात सांगतो. गुडघा व्हॉलीबॉलच्या मैदानावर गेला, पाठ ट्रकमधून सामान उतरवताना गेली, तेव्हा एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळी आणि पट्टी मिळते, पण आयएएफवाय 2006 हा इंज्युरी रिपोर्ट भरला जात नाही. जवानालाही वाटते, किरकोळ आहे. पंधरा वर्षांनी बोर्ड विचारते, रिपोर्ट कुठे? युनिटने भरायचा भाग युनिटने भरावा हे खरे. तरी सुरुवात तुमच्या टेबलावरून होते. पट्टी बांधताना 'फॉर्म भरलास का रे' एवढे विचारले तरी पुढचे निम्मे खटले उभे राहणार नाहीत.

आणि आता अग्निवीर आले आहेत. 2022 नंतर भरती झालेल्या या मुलांना पेन्शन नाही. अपंगत्व आले आणि ते सेवेमुळे असे ठरले, तर 100 टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख असे एकरकमी अनुदान आहे. सेवेमुळे नाही असे ठरले तर ते नाही. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचे पुढचे सगळे आयुष्य तुमच्या त्या एका रकान्यावर टेकलेले असेल. वीस वर्षे नोकरी केलेल्या नाईकाला निदान सर्व्हिस पेन्शन तरी आहे. या पोराला आधार म्हणून दुसरा कागदच नाही.

आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, 2015 मध्ये, त्यांनी खात्याचे खटले आणि तक्रारी कमी करण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. त्या समितीत कारगिलमध्ये पाय गमावलेले एक मेजरही होते. आपल्याच अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने लढवलेल्या खटल्यांवर त्या समितीने कडक शब्दांत लिहिले. दहा वर्षे उलटली, अहवाल सगळ्यांना माहीत आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या फायली मात्र तशाच आहेत. वरून सूचना येईल तेव्हा बदल होईल, ही वाट मी आता बघत नाही. तुमच्या पेनाला मात्र वरच्या सूचनेची गरज नाही. कारणाचा रकाना फॉर्ममध्ये आजही आहे. तो भरण्यापासून तुम्हाला कुणी अडवलेले नाही.

म्हणून पुढच्या बोर्डावर बसाल तेव्हा त्याच्या सर्व पोस्टिंगचा तक्ता मागवा आणि शेवटच्या ठिकाणापुरता न वाचता पहिल्यापासून वाचा. त्याला खुर्ची द्या आणि हिंदीत, मराठीत, त्याला जमेल त्या भाषेत विचारा की दुखणे पहिल्यांदा कधी जाणवले. तो 'ठीक है साहब' म्हणेल, आमची सवयच तशी आहे, पुन्हा विचारा. आजार सेवेमुळे झाला नसेल असे प्रामाणिक मत असेल, तर सेवेमुळे वाढला का, हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पाठोपाठ आपोआप 'नाही' करू नका. तो स्वतंत्र प्रश्न आहे, आणि ग्लेशियरवरून आलेल्या माणसाबाबत त्याचे उत्तर बहुतेक वेळा वेगळे निघेल. मग जे मत असेल ते, त्याच्या बाजूचे किंवा विरुद्ध, त्याच्याबद्दलच्या चार वाक्यांत लिहा. विरुद्ध असेल तरी चालेल. कारण वाचून निदान त्याला कळेल की आपल्याला कुणीतरी तपासले होते. कागदांची पूर्ण प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात द्या, म्हणजे अपिलाची मुदत माहितीच्या अर्जात जाणार नाही.

आणखी एक विनंती, जे आधीच घरी आले आहेत त्यांच्यासाठी. अपिलातली फाईल वैद्यकीय मतासाठी तुमच्याच खात्याकडे परत येते. ती आली की जुन्या बोर्डाची ओळ खाली उतरवून सही करू नका. माणच्या त्या नाईकाचे दुसरे अपील सध्या असेच कुठेतरी कुणाच्या टेबलावर आहे. त्याच्या अर्जासोबत आम्ही पोस्टिंगचा तक्ता, ग्लेशियरच्या काळाची नोंद आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत जोडली आहे. ती पाने उघडून बघा आणि त्यानंतर तुमचे स्वतःचे मत लिहा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
जिल्हा सातारा